अतिरिक्त चालक

४ सप्टेंबर, सोमवार

सकाळची पाळी संपवून घरी आलो आणि जेवायच्या आधी विमा कंपन्यांना फोन लावायला बसलो. वाटलं होतं, दोन फोनांत काम उरकेल. ही दोनदा येऊन ताट झाकून गेली, आमटी गार झाली, तरी माझ्या कानात आपलं तेच, "आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे." एवढा महत्त्वाचा आहे तर उचला की!

गोष्ट साधी आहे. आमच्या बारकीनं ड्रायव्हिंगची परीक्षा पास केली. फिजिओथेरपीचं शिक्षणही संपलं, आणि तिला नोकरी मिळते आहे. गावाबाहेरच्या वस्त्यांवर घरोघरी जायचं आणि पडून जायबंदी झालेल्या म्हाताऱ्या माणसांना पुन्हा उठायला, चालायला शिकवायचं. पोरीनं शिकताना पहिल्या वर्षापासून हेच डोक्यात घेतलं होतं. अट एकच, स्वतःची गाडी हवी आणि ती चालवायचा विमा हवा. ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत जागा राखून ठेवतो म्हणालेत. गाडी झाली. लायब्ररीतल्या बाई निवृत्त झाल्या, त्यांची छोटी, वांग्याच्या रंगाची गाडी घेतली. राहिला विमा.

पहिल्या कंपनीतल्या बाईनं विचारलं, चालकाचं वय काय? बावीस. लायसन्स कधीचं? मागच्या आठवड्यातलं. मग कीबोर्डची टकटक टकटक झाली आणि तिनं जो आकडा सांगितला तो ऐकून मी म्हटलं, "मॅडम, मी विम्याचं विचारतोय, गाडीचं नाही." तेवढ्या पैशात आमची गाडी पुन्हा एकदा आली असती. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

५ सप्टेंबर, मंगळवार

आजही तेच. एका कंपनीतला मुलगा म्हणाला, "सर, या वयोगटाकडून अपघात जास्त होतात." मी म्हटलं, "अरे बाबा, वयोगट गाडी चालवणार नाहीये, माझी मुलगी चालवणार आहे." तर म्हणतो, "मी आपली भावना समजू शकतो." डोंबल समजतो. पुढच्या वाक्याला तोच आकडा.

डेपोत भोंग्याला सांगितलं. भोंगा म्हणजे माझ्याबरोबरचा ड्रायव्हर. तो कुजबुजला तरी गेटवर ऐकू जातं, म्हणून हे नाव. तो म्हणाला, "अरे येड्या, तिच्याबरोबर तुझं नाव घाल. अतिरिक्त चालक म्हणून. घरात अनुभवी माणूस आहे म्हटल्यावर हप्ता झटक्यात उतरतो. माझ्या मेव्हण्यानं तेच केलं." हे मला आधी कसं सुचलं नाही? सव्वीस वर्षं बस चालवणारा बाप घरात असताना मी उगाच कॉल सेंटरवाल्यांच्या तोंडाला लागतो आहे.

९ सप्टेंबर, शनिवार

फोनचा नाद सोडला आणि बारकीला घेऊन एजंटकडे गेलो. लाँड्रीच्या वर त्याची खोली आहे. खालून इस्त्रीची वाफ येते, त्यामुळे त्याचा टाय सदा मरगळलेला. मी सांगितलं, माझं नाव घाल आणि आकडा पाड.

"काका, तुमच्या नावावर आधी कधी गाडीचा विमा होता?"

"गाडीच नव्हती तर विमा कुठून असणार? मी बस चालवतो. सव्वीस वर्षं. साधं खरचटलंसुद्धा नाही."

"बसचा विमा डेपोच्या नावावर असतो. तुमचं स्वतःचं रेकॉर्ड शून्य. कंपनीच्या हिशेबानं तुम्ही आणि ताई सारखेच नवीन."

बारकी खो खो हसत सुटली. म्हणाली, "या बाबा, आपण एकाच वर्गात." मला हसू आलं नाही. अर्धा गाव माझ्या बसमध्ये बसून शाळेत गेला, कामाला लागला, लग्नं करून म्हातारा व्हायला आला, आणि हा कालचा पोरगा मला शून्य म्हणतो.

मग त्यानंच एक तोड काढली. कंपनी गाडीत एक डबी बसवते. ब्रेक किती जोरात लावला, वळण कसं घेतलं, वेग किती, सगळं ती टिपते. महिनाभराचा तात्पुरता विमा द्यायचा आणि डबीचा निकाल बघायचा. निकाल हिरवा आला तर हप्ता निम्म्यावर, लाल आला तर विमा रद्द. मी म्हटलं चालेल, पण माझं नाव राहू दे. तो म्हणाला, "काका, त्यानं काही फरक पडणार नाही." मी म्हटलं, तुला विचारलं नाही, घाल.

१७ सप्टेंबर, रविवार

काल डबी बसली. काड्यापेटीएवढी आहे, स्टिअरिंगच्या खाली. तिचा निकाल बारकीच्या फोनवर येतो. माझा फोन बटणांचा, त्यावर फक्त माणसं बोलतात.

आज बारकीला घेऊन सरावाला गेलो. पोरगी इतकी सांभाळून चालवते की मागच्यानं हॉर्नवरचा हात काढला नाही. चौकात मी म्हटलं, "जा, मोकळं आहे." ती जागची हलेना. "बाबा, सायकल येतेय." कुठली सायकल म्हणेपर्यंत खरंच डावीकडून एक सायकल उपटली. हल्ली हे लोक घंटी म्हणून वाजवत नाहीत.

अशा भित्र्या चालवण्यानं कसले हिरवे गुण मिळणार? जागा जाईल हातची.

२१ सप्टेंबर, गुरुवार

मला एक युक्ती सुचली आहे आणि ती मी कोणाला सांगणार नाही. डबी गाडीला आहे. तिला काय कळतंय चाकामागे बाप आहे की लेक? माझ्या दोन पाळ्यांच्या मध्ये दुपार मोकळी असते. बारकी त्या वेळी दवाखान्यात उमेदवारी करते, तिथे गाडी लावायला जागा नाही म्हणून बसनं जाते. म्हणजे गाडी दारात आणि मी घरात. रोज दुपारी एक फेरी मारायची आणि पोरीच्या खात्यावर उत्तम ड्रायव्हिंग जमा करायचं.

आज पहिली फेरी केली. सवयीनं माझ्याच रूटवर गेलो आणि सवयीनं पहिल्या स्टॉपवर थांबलोही. एक बाई पिशवी घेऊन पुढे आल्या, दाराला हात घातला, मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आज लहान गाडी का?" मी म्हटलं, डेपोत तूट आहे. बाकी फेरी झकास झाली. फक्त बाजाराजवळ एक हातगाडीवाला डावीकडून एकदम अंगावर आला, करकचून ब्रेक लावावा लागला. रस्ता म्हणजे बापाचा माल झाला आहे लोकांना.

२६ सप्टेंबर, मंगळवार

पहिल्या आठवड्याचा निकाल आला, पिवळा! मी रोज दुपारी जीव ओतून चालवतो आणि निकाल पिवळा? म्हणजे माझं सगळं कमावलेलं पोरगी सकाळी दळण आणायला जाताना उधळते. विचारलं तिला, ब्रेक कसा लावतेस? ती फोनकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. म्हणाली, "बाबा, दुपारी तुम्ही जरा पडत जा ना. दोन पाळ्या करता."

याचा इथे काय संबंध? मी विचारतो आंबा, ही सांगते चिंच.

३० सप्टेंबर, शनिवार

दिवस वाईट. बसचा डावा आरसा पुन्हा कोणीतरी हलवून ठेवला. तीनदा तक्रार लिहून दिली, मेकॅनिक म्हणतो आरसा जागेवरच आहे. घरी आलो तर हिनं चहाचा कप कोपराशी ठेवलेला, तो लवंडला. ही म्हणाली, "अहो, समोर तर होता." समोर असता तर दिसला नसता का?

दुसऱ्या आठवड्याचा निकाल पिवळ्याहून खाली गेला. आणि गाडीची किल्ली खुंटीवर नाही. बारकी म्हणते, पर्समध्ये राहिली. तीन दिवस पर्समध्ये राहते? बापानं गाडीला हात लावलेला हिला खपत नाही, हे सरळ आहे. वाईट वाटलं. दुसरी किल्ली कपाटात आहे, हे ती विसरली.

३ ऑक्टोबर, मंगळवार

संध्याकाळी बारकीनं मला खुर्चीत बसवलं आणि मानेचे व्यायाम करून घेतले. मान डावीकडे, मान उजवीकडे. मग म्हणाली, "आता मान हलवायची नाही. माझ्या नाकाकडे बघा आणि बोट हललं की सांगा." बराच वेळ नाकाकडे बघत बसलो. बोट काही हलवेनाच. मी म्हटलं, "अगं, हलव की." ती म्हणाली, "हलवतेय." मग "झालं बाबा" म्हणून आत गेली.

शिकलेलं विसरू नये म्हणून घरच्यांवर सराव चालू असतो तिचा. बरं आहे. नोकरी मिळाली तर म्हाताऱ्यांशी असंच गोडीनं वागेल.

७ ऑक्टोबर, शनिवार

लाल. कंपनीचा इशारा आला आहे. असंच राहिलं तर सोळा तारखेला विमा बंद. आणि एकदा एका कंपनीनं विमा बंद केला की दुसरी दारात उभं करत नाही, हे एजंटनं फोनवर सांगितलं. म्हणजे नोकरीच्या नावानं आंघोळ.

माझा तोल गेला. नको ते बोललो. म्हटलं, "जमत नसेल तर लायसन्स परत देऊन टाक. तुझ्यामुळे एखाद्याचा जीव जाईल." बारकीनं खाली मान घालून ऐकून घेतलं. नाही तर ही पोरगी एकाला चार ऐकवणारी. ही माझ्यावर भडकली, "अहो, काय बोलताय तुम्ही तिला, काही कळतंय का?" मी ताटावरून उठलो.

नंतर पाणी प्यायला गेलो तर स्वयंपाकघरात मायलेकींची कुजबुज. ही म्हणत होती, "सांगून टाक ना त्यांना." बारकी म्हणाली, "नाही गं आई. एकदा सांगितलं की लिहून द्यावं लागतं. मग डेपोत कळेल. त्यांना सहन होणार नाही."

आता उलगडा झाला. कोणीतरी मुलगा आहे, आणि तो आमच्या डेपोतला! तो नवा मेकॅनिक असणार, केसांना तेल लावून भांग पाडणारा. म्हणूनच चाकामागे बसल्यावर हिचं चित्त ठिकाणावर नसतं. आणि म्हणूनच तो शहाणा मला आरसा ठीक आहे म्हणून सांगतो.

९ ऑक्टोबर, सोमवार

मेकॅनिकला खोदून विचारलं. त्याचं लग्न झालेलं आहे, मुलगी तीन वर्षांची. फोटो दाखवला. गोड आहे. मग डेपोतला दुसरा कोण?

१० ऑक्टोबर, मंगळवार

आज लिहायची इच्छा नाही. तरी लिहितो.

सकाळच्या फेरीला बारकी माझ्या बसमध्ये चढली. पुढच्या डाव्या सीटवर बसली. मी म्हटलं, काय गं, आज इकडे कुठे? ती नुसती हसली. बाजाराच्या स्टॉपवर बस आत घेत होतो. स्टॉप रिकामा होता. आणि ती किंचाळली, "बाबा!"

मी ब्रेकवर उभा राहिलो. मागे माणसं माणसांवर आदळली. डाव्या बाजूला, दाराच्या पुढे, एक बाई बाबागाडीचा दांडा धरून उभी होती. बस आणि बाबागाडीत हातभरसुद्धा अंतर नव्हतं. ती बाई ओरडलीही नाही. नुसती बघत राहिली माझ्याकडे.

कोणाला काही झालं नाही. हे मी पुन्हा लिहितो, कोणाला काही झालं नाही.

बारकी माझ्याशेजारी येऊन उभी राहिली आणि शेवटच्या स्टॉपपर्यंत हळू आवाजात सांगत गेली, डावीकडे सायकल आहे, आता मोकळं आहे, आता माणूस उतरतोय. मी लहान मुलासारखं ऐकलं. लोक उतरून गेले. मग तिनं फोन काढला आणि नकाशा दाखवला. तिच्या सगळ्या फेऱ्या हिरव्या. लाल ठिपके सगळे दुपारचे. सगळे माझे. प्रत्येक फेरीखाली एक प्रश्न असतो, गाडी कोणी चालवली? मुख्य चालक की अतिरिक्त चालक. तिनं एकाचंही उत्तर दिलं नव्हतं. उत्तर नाही दिलं तर ती फेरी मुख्य चालकाच्या माथी जाते.

"मला आधी वाटलं, तुम्हाला छोट्या गाडीची सवय नाही. म्हणून किल्ली लपवली. मग त्या दिवशी बोट हलवलं तेव्हा कळलं. तुमचं नाव टाकलं असतं तर कंपनीनं डोळ्यांचा दाखला मागितला असता, आणि तो डेपोत गेला असता."

"आणि तुझी नोकरी?"

"नाही म्हणून कळवलं काल. पण मग रात्रभर वाटत राहिलं, गाडीचं सोडा, बाबा बस चालवतायत. म्हणून आले."

पोरीनं माझा गुन्हा स्वतःच्या नावावर घेतला होता, आणि मी तिला म्हणालो होतो, तुझ्यामुळे एखाद्याचा जीव जाईल. मला तिच्याकडे बघवेना. डेपोला फोन करून दुसरा ड्रायव्हर मागवला. भोंगा आला. माझी पिशवी काढून माझ्या हातात दिली आणि स्वतः सीटवर बसला.

१२ ऑक्टोबर, गुरुवार

डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो. काचबिंदू. डाव्या बाजूची नजर बरीचशी गेली आहे. दुखत नाही, खुपत नाही, गुपचूप आक्रसत जाते म्हणे, आणि माणसाला वाटतं आपल्याला सगळं दिसतंय. गेलेली परत येणार नाही. उरलेली थेंब घालून टिकवायची.

"बस?" मी विचारलं. डॉक्टरीणबाईंनी नकारार्थी मान हलवली. त्या चांगल्या बोलत होत्या, तरी मला त्यांचा राग आला. हिचा आला, डबीचा आला, भोंग्याच्या मेव्हण्याचासुद्धा आला. घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडून राहिलो. ही कडेला बसली आणि पाठीवर हात ठेवला.

१३ ऑक्टोबर, शुक्रवार

बारकीच्या नोकरीच्या ठिकाणी मीच फोन केला. तिकडच्या बाई म्हणाल्या, मुलीनं कारण सांगितलं नाही, नुसतं जमणार नाही म्हणाली. मी म्हटलं, कारण मी आहे. सगळं सांगितलं. परक्या बाईला सांगायला घरच्यांपेक्षा सोपं जातं. त्या म्हणाल्या, सोमवारपर्यंत विम्याचा कागद दाखवा, जागा अजून भरलेली नाही.

१४ ऑक्टोबर, शनिवार

पुन्हा लाँड्रीवरची खोली. बारकीचा फोन टेबलावर ठेवला आणि म्हटलं, एकेक फेरी वाच. ज्या माझ्या त्या माझ्या नावावर टाक. बारकी म्हणाली, "बाबा, अजून विचार करा." मी म्हटलं, "झाला करून."

एजंट वाचत गेला, मी हो म्हणत गेलो. तो मधेच थांबायला लागला तेव्हा मीच दटावलं, पुढचं वाच. शेवटी म्हटलं, आता माझं नाव विम्यातून काढ. त्यानं काढलं. पुन्हा टकटक झाली, आणि तो स्क्रीनकडे बघत म्हणाला, "काका, हिरवा. हप्ता निम्म्याच्याही खाली आला."

महिनाभर ज्या आकड्यासाठी मी जगाशी भांडलो, तो माझं नाव गेल्याबरोबर निमूटपणे खाली उतरला. आनंद झाला आणि कोणीतरी थोबाडीत मारल्यासारखंही झालं. कागद छापून आला. त्यावर चालक एकच. बारकीचं नाव सुरेख दिसत होतं.

१६ ऑक्टोबर, सोमवार

डेपोत जाऊन बिल्ला आणि दाखला मॅनेजरच्या टेबलावर ठेवला. ते म्हणाले, चौकशीच्या खिडकीवर बसवतो. बघू. आज काही ठरवायच्या मनःस्थितीत नव्हतो. सगळे भेटले. भोंग्यानं मिठी मारली आणि कानात "येत जा रे" म्हणाला, ते अख्ख्या डेपोनं ऐकलं.

बारकी गेटबाहेर गाडी घेऊन उभी होती. तिच्या कामाचा पहिला दिवस, पण म्हणाली होती, आधी तुम्हाला घरी सोडते. मी बाहेर आलो, आणि पाय आपोआप ड्रायव्हरच्या दाराकडे गेले. दार उघडलं. आत ती बसलेली. तिनं वर पाहिलं आणि एक क्षणही न थांबता पट्टा सोडायला हात घातला. बाप दारात उभा राहिला की जागा द्यायची, एवढंच त्या हाताला ठाऊक होतं.

मी तिचा हात धरला. म्हटलं, "बस, बाळ. माझं नाव नाही विम्यात."

पट्टा पुन्हा लावून दिला, दार बंद केलं आणि फिरून पलीकडे जाऊन बसलो. तिला पुढचं दिसेना म्हणून ती थोडा वेळ तशीच थांबली. मीही घाई केली नाही. मग तिनं डोळे पुसले, आरसे पाहिले आणि गाडी काढली. फार छान चालवते पोरगी.